फॉर्मातला तिसरा चौकोन

३ जून, मंगळवार

फॉर्म परत आला! दुसऱ्यांदा!

देवणीच्या मठाच्या मदत केंद्रात बसून सहा वर्षं बायकांचे फॉर्म भरून देते. पण असलं त्रांगडं पाहिलं नाही. शिवम्माच्या उज्वलाला मठाच्या लातूरच्या वसतिगृहात घालायचंय. गावची शाळा सातवीला संपली. जागा फक्त विधवेच्या नाहीतर परित्यक्तेच्या मुलीला. फॉर्मात दोनच चौकोन. शिवम्माचा नवरा संगप्पा चार वर्षांमागे हैदराबादला बांधकामावर गेला. परत आला नाही.

परित्यक्तेवर खूण करू का, विचारलं, तर म्हणते, “टाकलं न्हाई अक्का मला. कामाला गेलेत.”

शुक्रवारी, १३ तारखेला यादी बंद.

४ जून

मीच पेनाने तिसरा चौकोन काढला. पुढे लिहिलं — नवरा परगावी, खबर नाही.

केंद्राचे प्रमुख विरूपाक्षअप्पा. त्यांनी त्यावर लाल रेघ ओढली. “साखराक्का, फॉर्म मठाचा आहे, तुमच्या वहीचं पान नाही!” मग शिवम्माचा फोटो वर धरला. “गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरवा चुडा, आणि म्हणे निराधार. समिती हसेल.”

हसू दे. त्यांच्यातल्या एकाची तरी पोरगी सातवीला घरी बसली का?

६ जून

नुसता राग.

९ जून, सोमवार

शिवम्माच्या घरी गेले. तिचा भाऊ बाजेवर पाय पसरून. “कशाला उन्हात हिंडता अक्का? निलंग्याचं पोरगं बगितलंय. पोरगी चुलीपाशी बी शिकती की.”

“मग तूच बस चुलीपाशी,” म्हटलं.

उज्वला तेरा वर्षांची. आत भाकरी थापत होती. स्थळाचं नाव निघालं तसा थापण्याचा आवाज बंद झाला. त्या थांबण्यानंच माझं डोकं फिरलं. शिवम्माला बाहेर नेलं, म्हटलं, मंगळसूत्र फोटोपुरतं काढ. दोन मिनिटं. लगेच घाल.

तिने माझ्याकडे पाहिलं.

“तुमी काढलं तवा दोन मिंटासाठीच काढलं व्हतं का?”

गाडी चुकली. चालत आले.

१० जून

वाचायला बसले, एक ओळ शिरेना.

यांना जाऊन नऊ वर्षं. डाव्या तळहातावर त्यांचं इष्टलिंग ठेवून माती दिली. जन्मभर गळ्यात होतं, मातीतही सोबत गेलं. आपल्या लिंगायतांत तसंच. घरी आलो आणि बायकांनी माझ्या मंगळसूत्राला हात घातला. मी नको म्हणाले नव्हते. विचारलंच कोणी!

यांचा पेपर वाचून झाला की तोच घेऊन अक्षरं लावत बसायची मी. तशीच वाचायला शिकले. वाटायचं, अक्षर आलं की माणूस कळतं. कशाचं काय! शिवम्माला एक अक्षर येत नाही, आणि काल तिनेच मला बरोबर वाचलं.

१२ जून

अप्पांशी भांडले. म्हटलं, तुमच्या फॉर्मात वाट बघणारीला जागाच नाही.

“मग तिला सांगा, वाट बघणं सोड म्हणावं. उद्या चारपर्यंत. नंतर जागा दुसरीला.”

पुढ्यातला चहा तसाच ठेवून उठले. देवाच्या दारातलं काम म्हणून आले होते इथे. दार आहे, पण त्याला अप्पांचं कुलूप!

१३ जून

शिवम्मा सकाळीच दारात. चुडा तसाच, मंगळसूत्र तसंच. पदराच्या गाठीतून फडकं सोडलं आणि माझ्या हातावर ठेवलं. आत चांदीची डबी, मळका दोरा. संगप्पाचं लिंग.

ते गळ्यातून उतरून घरी आलं, म्हणजे काय, हे मला विचारावं लागलं नाही. माती देताना तळहातावर ठेवायलाही तिथे आपलं कोणी नव्हतं.

“कधी?”

“दोन दिवाळ्या झाल्या. संगं कामाला व्हता त्यो देऊन गेला. उज्वलाला ठावं न्हाई. बाप येनार म्हनून पैला नंबर काढती.”

पहिल्या चौकोनात, विधवेच्या, खूण केली. अप्पांनी डबी पाहिली, हात जोडले, शिक्का मारला. फोटोचं नाव काढलं नाही.

बाहेर आल्यावर शिवम्मा गळ्याशी हात नेत म्हणाली, “पोरगी लातूरच्या गाडीत बसू द्या अक्का. मग काढते.”