सहा पत्रे आणि एक कठडा

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

रुवैस, अबूधाबी
८ मार्च २००२

चि. उर्मिलेस,
दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे दिवाळीचे कार्ड जानेवारीत मिळाले. आत दोनच ओळी होत्या. त्या मी आठवडाभर खिशात बाळगल्या. माझी तब्येत बरी आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. तुझी नर्मदावहिनी गावी खुशाल आहे.

आज लिहितो आहे ते लिहायचे नऊ वर्षे राहिले. तू इथल्या हॉस्पिटलात नर्स होतीस तेव्हा तिथला एक्स-रेवाला गुणवंत मस्कतला गेला, आणि त्याचे पत्र आले नाही म्हणून तू झुरत गेलीस. पत्रे आली होती. सहा. इथे घरी पोस्टमन येत नाही. तुझे टपालही माझ्या कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर यायचे आणि ऑफिसातला खैरुद्दीन ते माझ्या हातात द्यायचा. ती सहा पत्रे मी तुला दिली नाहीत. मुलगा आपल्यातला नव्हता आणि आई जिवंत होती.

पहिले पत्र आले तेव्हा सुट्टीत गावी जाऊन मी देवाला कौल लावला, की द्यावे का. मूर्तीवर लावलेली उजवी पाकळी पडली. देव ‘दे’ म्हणाला होता, उर्मे. घरी येऊन मी आईला सांगितले की डावी पडली.

पत्रे माझ्या पेटीत आहेत, एकही उघडलेले नाही. पोस्टाने पाठवायला मन घेत नाही. जूनमध्ये माझी लीव्ह आहे. मला तिकडे येऊ दे. पत्रे तुझ्या हातावर ठेवतो, मग तू मला काय हवे ते बोल.

माया पातळ होऊ देऊ नकोस, एवढेच मागणे.

तुझा,
वासुदेवदादा


बंडोरन, आयर्लंड
२ एप्रिल २००२

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचले. इकडचा पोस्टमन पाकीट दाराच्या फटीतून सरळ आत टाकतो. मध्ये भाऊ लागत नाही.

वाचून रडू येईल असे वाटले होते. आले नाही. त्या दिवशी आठ म्हाताऱ्यांना आंघोळ घातली, नेहमीसारखी. गुणवंताचे लग्न होऊन त्याला दोन मुले आहेत, हे मला कधीच कळले आहे. नवरा मला आता नको. त्याने मला बोलावले होते की सोडले होते, एवढेच त्याच्या अक्षरात बघायचे आहे. नऊ वर्षे मी स्वतःला टाकलेली बाई समजत आले.

तेव्हा जरूर ये. हे सुट्टीला येणाऱ्यांचे गाव आहे. लोक काळे रबरी कपडे घालून, फळीवर पालथे पडून बर्फासारख्या समुद्रात शिरतात. त्यांना सर्फर म्हणतात. आपल्याकडचे रापण ओढणारे बघतील तर विचारतील, मासा नाही तर एवढा खटाटोप कशाला?

मी वृद्धाश्रमातच राहते, म्हणून तुझी सोय शेजारच्या गेस्ट हाउसात केली आहे. ड्यूटीवर फोन चालत नाही. रोज चार वाजता किनाऱ्याच्या दगडी कठड्यावर येऊन बस. कढीला सोले आण, स्वेटर आण. देवाला विचारून निघणार असलास तर उत्तर नीट ऐक.

वहिनीला नमस्कार. माझ्यावर जेवढा लोभ पूर्वी होता तेवढा नको, त्याहून कमी चालेल.

तुझी,
उर्मिला


बंडोरन
बुधवार, १२ जून २००२

चि. उर्मिलेस आशीर्वाद.

शनिवारपासून इथे आहे. रोज चारला कठड्यावर बसतो आणि साडेआठला उठतो. इथे तेव्हाही लख्ख ऊन असते. तुझ्या वृद्धाश्रमात दोनदा विचारले. दोन्ही वेळा तू कामात आहेस असे सांगितले. म्हणून ही चिठ्ठी दारात देतो आहे.

काल पावसाने स्वेटर भिजला. पत्रे प्लास्टिकच्या पिशवीत पोटाशी धरली होती. ती कोरडी आहेत.

इथे बसून एक गोष्ट पाहिली. हे सर्फर लाटेवर उभे राहतात ते क्षणभर. बाकी सारा वेळ फळीवर बसून समुद्राकडे बघत असतात. चांगल्या चांगल्या लाटा जाऊ देतात. मी त्यांच्यासाठीही देवाचे नाव घेतो.

आजारी नाहीस ना? सोले पिशवीत आहेत, त्यांचा वास साऱ्या खोलीभर झाला आहे. मालकीण नाक धरते.

वाट पाहतो.

दादा


गुरुवार, १३ जून

ती. दादास नमस्कार.

आजारी नाही. वरच्या खिडकीतून तू रोज मला दिसतोस. नव्वदीची एक आजी विचारत होती, तो माणूस कोण म्हणून. मी म्हटले, आमचा पोस्टमन.

चौदा महिने दर गुरुवारी मी तुझ्या ऑफिसबाहेर बसत असे. खैरुद्दीन बॉक्स उघडून आला की तू बाहेर येऊन मान हलवायचास. मग मला कॅंटीनमध्ये नेऊन चहा पाजायचास, पाठीवर हात ठेवायचास. तो हात मला आठवतो. म्हणून तू बस.

रविवारी चार वाजता येते. पत्रे घेईन आणि जाईन. तोवर छत्री हवी तर माग, तेवढी मनाई केलेली नाही.

उर्मिला


॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

रुवैस
२८ जून २००२

चि. उर्मिलेस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. खोकला आहे, इन्शाल्ला जाईल. रविवारी तू बरोबर चारला आलीस आणि अंधार पडेपर्यंत कठड्यावर बसलीस, असे मालकिणीने फोनवर सांगितले. मी दुपारी बाराची बस धरली होती.

नऊ वर्षांत मी एकही पत्र उघडले नाही, याचा मला मनातून अभिमान होता. तुझी चिठ्ठी आली आणि तो गेला. रविवारी सकाळी कठड्यावर बसून सहाही उघडली. गुणवंताचे अक्षर सुबक आहे. जीर्ण पोथी आपण केरात टाकत नाही, पाण्यात सोडतो. तशी ती गुडघाभर पाण्यात जाऊन सोडली. एक सर्फरबाई कचरा टाकतो म्हणून माझ्यावर ओरडली. मी सॉरी म्हटले.

सोडण्यापूर्वी तीनदा वाचली. माझे पाठांतर तुला माहीत आहे, एकादशीला अख्खा हरिपाठ म्हणतो. तशी ती आता पाठ आहेत. तुला बोलावले होते की सोडले होते, ते मला ठाऊक आहे. गुणवंताला तू विचारणार नाहीस, तुझा स्वभावही मला ठाऊक आहे.

कागदावर मी काही लिहिणार नाही. गणपतीला गावी ये. आईच्या फोटोसमोर बस, वहिनीच्या हातचे जेव. मग सहाही म्हणून दाखवीन, पहिल्यापासून. मध्ये उठायचे नाही.

रजेचा अर्ज आत्ताच टाक. जीव लावून आहे, तसाच तूही लाव.

तुझा,
वासुदेवदादा