कुंपणाबाहेरची गिलकी

आई, तुझा गिलकीचा वेल वाचला. आधी हेच सांगते, म्हणजे पुढचं तू निवांत ऐकशील.

आपल्या कॉलनीच्या रहिवासी समितीने नियम काढला होता: घरापुढच्या अंगणात फक्त लॉन आणि फुलझाडं, भाजीपाला उपटून टाकायचा. स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या आपल्या शहरात दारापुढे वाफे शोभत नाहीत म्हणे. वाचलं आणि तुझाच आवाज ऐकू आला. कॉलेजात असताना मी मैत्रिणींकडे असतं तसं हिरवंगार लॉन मागितलं होतं. तू पलासियाच्या बँकेतून नुकतीच आलेली, पदर खोचून आळ्यात पाणी सोडतेस आणि मान वर न करता म्हणतेस, "लॉन? कशाला, गाय पाळायची आहे का?"

त्याच सुमारास तू मला खरी रागावलीस. कुंपणावरून रस्त्याकडे लोंबणाऱ्या गिलक्या, ज्यांना पुण्याची मावशी घोसाळी म्हणायची, एक बाई तोडत होती. मी खिडकीतून ओरडले. तू कणकेच्या हातानेच बाहेर गेलीस, तिला आणखी दोन तोडून दिल्यास आणि मला सुनावलंस, "आत लोंबेल ते आपलं, बाहेर लोंबेल ते गल्लीचं. पाणी आपलं पितो, पण ऊन रस्त्यावरचंच खातो ना तो?" तेव्हापासून गल्ली बेल न वाजवता तोडते. अजूनही.

समितीच्या बैठकीला मी तयारीने गेले. माईक हातात आला की माझं काय होतं, तुला ठाऊकच आहे. माती, स्वातंत्र्य, आणि आपलं अन्न उगवताना बघायची ज्या समाजाला लाज वाटते त्याचं पुढे काय होतं, सगळं बोलले. त्यातला शब्द न् शब्द मी आजही मानते. टाळ्याही पडल्या. मग अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "दीदी, भाषण तो गजब था. पर नियम तो नियम है." त्यांनी नियमाच्या बाजूने हात वर करायला सांगितलं, आणि टाळ्या वाजवलेलेच हात वर जाऊ लागले. तुझा वेल मला स्वतःच्या हाताने उपटावा लागणार होता.

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून अध्यक्षांच्याच पत्नी उठल्या. "एक मिनट, भिया लोगों. भीतर की गिलकी इनकी, बाहर की हमारी. हमारी चीज़ पे हमसे बिना पूछे वोटिंग?"

"अरे, तुम बैठो," अध्यक्ष म्हणाले.

"क्यों बैठूँ? रोज़ सुबह घूमने जाते हो और जेब में गिलकी ले के आते हो. कल से क्या लॉन के भजिये तलूँ?"

आई, काय हशा उसळला! वर गेलेले हात पोट धरायला खाली आले. अध्यक्षही हसत सुटले आणि तिथल्या तिथे नियम बदलला: पुढच्या अंगणात भाजी चालेल, अट एकच, वेल कुंपणाबाहेरही सोडायचा. दुसऱ्या दिवसापासून लोक माझ्याकडे बी मागायला येताहेत. तू कणकेच्या हातांनी सांगितलेलं आता आख्ख्या कॉलनीला लागू आहे.

हे पत्र मात्र घरातच, तुझ्या फोटोमागे राहील. गल्लीत कुणाच्या हाती लागलं तर पंचाईत व्हायची. सगळे म्हणतात, मी तुझ्याहून उदार, जवळजवळ सगळा वेल बाहेरच सोडते. खरं सांगू? मला गिलकीची भाजी तेव्हाही आवडत नव्हती आणि आताही आवडत नाही.