मनूला घरी ठेवलं

१२ जाने.
काल औशाला धाकट्या बहिणीचं, सुनीचं, डोहाळजेवण. मनूला नेलं नाही. शेजारच्या नसीमभाभीकडे ठेवलं. आठ वर्षांची माझी पोर, डाऊन सिंड्रोमची. पोटुशीनं असं लेकरू बघू नये म्हणतात. मला कुणी म्हणालं नव्हतं. मीच ठरवलं. ओटी भरताना सुनी म्हणाली, "ताई, मनूला का न्हाई आणलीस? तिच्या मापाच्या हिरव्या बांगड्या आणून ठिवल्यात मी." म्हणाले, ताप आहे. सख्ख्या लेकीला ताप लावला मी. बांगड्या पिशवीतच आहेत.

१५ जाने.
मनू हात चावते. जेवण ढकलते. हे म्हणाले, "तिचं तसंच असतंय." तसं नसतं हो. दारावरून जाणाऱ्या म्हशीलासुद्धा टाटा करायची ती.
माझीही आंघोळ परवाची बहुतेक. भिंतीकडे तोंड करून पडून राहते. ती हाका मारून मारून गप्प होते.

१९ जाने.
दवाखाना. मनूला दाखवायला नेलं, तर डॉक्टरीणबाई मलाच विचारत बसल्या. झोप लागते का, रडू येतं का. मी चिडले. पेशंट ही आहे, म्हटलं. "दोघी आहात," म्हणाल्या. मला डिप्रेशन आहे म्हणे. गोळ्या दिल्या. तुमचा दोष नाही, म्हणाल्या. औशाचं त्यांना सांगितलंच कुठं मी?

९ फेब्रु.
गोळ्या चालू. तोंड कोरडं पडतं. वेणी घालताना मनूला विचारलं, आईचा राग आला? तिनं माझा गाल थोपटला. चिडली असती तर बरं झालं असतं.

२१ मार्च
सुनीला मुलगी झाली! फोनवर म्हणाली, "पाळणा मनूच हलवील. आन् पुन्हा ताप आला म्हनालीस तर बघ." म्हणजे तिला तेव्हाच कळलं होतं. लाज वाटली. तरी आज दोन घास जास्त गेले.

२ एप्रिल
बारसं संध्याकाळी. सकाळी पिशवी भरायला घेतली, नवा फ्रॉक मनूच्या हातात दिला. तिनं तो कॉटवर ठेवला, आपली उशी घेतली आणि भाभीच्या दारात जाऊन बसली. "आई, जा. मनू इथं."
भाभी म्हणाली, "अरी, आज तो तू बी जारी ना अम्मी के साथ!" ती मान हलवत राहिली.
नऊची औशाची गाडी गेली. अकराची आहे, हे स्टँडवर गेलेत. ती अजून तिथंच बसली आहे. कोणत्या तोंडानं म्हणू, चल?