गाडी उंच झालीच नाई

अमोलचे बाबा,

तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी मनातल्या मनातच बोलत होती. आज लिहून राह्यली, कारण काल आपल्या गाडीचा नवा टायर फाटला. कुठी? त्याच नाल्यापाशी!

अमोलनं चंद्रपूरहून आपल्या जुन्या गाडीले मोठी चाकं बसवून आणली होती. चमकणाऱ्या रिमा, अन् त्यावर रबराची पातळ पट्टी. लो-प्रोफाइल म्हणतात म्हणे! मले वाटलं, बाप जाऊन वर्ष नाई झालं अन् पोराले शौक सुचला. लय बोलली मी त्याले.

त्यानं सारं ऐकून घेतलं. मंग खाली पाहत म्हणे, "आई, मोठ्या चाकांनं गाडी उंच होते. आता चिखलात पोट टेकणार नाई."

अमोल तुम्हाले चामोर्शीच्या दवाखान्यात नेत होता, तेव्हा त्या नाल्यापाशीच ट्रॅक्टरच्या चाकोरीत गाडीचं पोट टेकलं होतं. ओढायले माणसं येईपर्यंत तुम्ही माझ्या मांडीवरच गेले.

पण गाडी उंच झालीच नाई. काल मेकॅनिक म्हणाला, "रिम जेवढी मोठी, तेवढा टायर पातळ. उंची होती तेवढीच आहे, भाऊ. अन् हा टायर दगडात टिकत नाई." अमोल तिथंच मातीत बसला. घरी आला तेव्हापासून एकच धोशा, "त्या दिवशी मीच चिखलात फसवली गाडी." जेवला नाई. एवढ्या मोठ्या पोराले मी कशी समजावू, सांगा ना?

तुमचा राग येऊन राह्यला मले. छातीत कळ येत होती, तरी मागच्या सीटवरून काऊन म्हणाले, "हळू घे रे, गाडीले लागन"? जन्मभर तिले ओरखडा पडू दिला नाई, ठीक आहे. पण त्या दिवशीही? पोरानं तुमचं ऐकलं. चिखलात वेग तुटला अन् गाडी बसली. हे तो कोणालेच सांगत नाई. चार लोकांत सारं स्वतःवर घेतो, बापाचं नाव येऊ देत नाई!

जुनी चाकं कोठ्यात आहेत. उद्या तीच चढवायले लावते. अन् वचन देते, त्या रस्त्यानं मी त्याच्या बाजूले बसून जाईन. नाल्यापाशी गाडी थांबवायले सांगीन अन् म्हणीन, "तुह्या बापानंच हळू घ्यायले लावलं होतं. तुहा काई दोष नाई." तुमच्या माथी येईल थोडं. येऊ द्या. तुम्ही तर गेले, त्याले अजून गाडी चालवायची आहे.

तुमची,
शांता