कोपरा फाडलेला रोल

३ मार्च

चि. बारक्यास,

आशीर्वाद. नेहमी अनेक लिहिते, आज एकच घे आणि त्यात भागव.

अप्पांना जाऊन तीन आठवडेही झाले नाहीत आणि त्यांच्या कपाटावरची कातडी बॅग गायब आहे. खालच्या शिंपीणबाई सांगतात की तू ती खांद्याला लावून जिना उतरलास आणि थेट गाडीत जाऊन बसलास. मी समोरच्या फुटपाथवर उभी होते. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या तू, कवळ्या बनवून पोट भरतोस, हे उद्योग कधीपासून सुरू केलेस?

त्या बॅगेत काय आहे ते तुला कळतं तरी का? तो कॅमेरा वयाने आपल्या दोघांहून मोठा आहे. लांबचं भिंग त्याहून जुनं, त्याच्या काठाला बुरशीचा धागा आहे. ते पुसू नकोस, त्यावर फुंकू नकोस, खरं तर हातच लावू नकोस. फिल्म पुढे ओढल्याशिवाय वेगाची चकती फिरवलीस तर आतली चक्रं बिघडतात. मी बावीस वर्षं अप्पांच्या अंधारखोलीत रोल धुतले, माझ्या नखांचा पिवळेपणा अजून गेलेला नाही. तू त्या खोलीत शिरलास तो एकदाच, लपाछपी खेळताना, आणि दार उघडून लोकांच्या लग्नाचे दोन रोल घालवलेस.

मला हवंय ते एकच. शेवटचं वर्षभर अप्पा रोज सकाळी कॅमेरा घेऊन खिडकीत बसायचे, असं तूच म्हणालास. मी समोर दुकान टाकलं त्या दिवसापासून तीन वर्षं ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. त्या खिडकीतून ते काय टिपत होते ते मला बघायचं आहे. तो रोल कुठे आहे? बॅग आहे तशी पाठवून दे. फोन करू नकोस, फोनवर मी ओरडते आणि दुकानातली गिऱ्हाइकं ऐकत बसतात.

लोभ होता, त्यावर तू ओरखडा काढलास. आणखी काढू नकोस.

ताई

९ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. चोर म्हणालीस ते बरंच केलंस, आता मलाही मोकळेपणाने लिहिता येईल. बॅग मी चोरलेली नाही. दवाखान्यातून अप्पांनीच मला फोनवर सांगितलं की बॅग तू ने. आणि तू कुठल्या तोंडाने मागतेस? त्यांच्या स्टुडिओच्या नाकासमोर कॉम्प्युटर मांडून पाच मिनिटांत पासपोर्टचे फोटो द्यायला लागलीस. आठ महिन्यांत त्यांना कुलूप लावावं लागलं. ते कुलूप मी लावलेलं नाही.

रोलचं म्हणशील तर कॅमेरा रिकामा आहे, मी मागचं झाकण उघडून बघितलं. बॅगेत एकच रोल सापडला आणि तो नवा आहे, फिल्मची जीभ बाहेर लोंबते आहे. भरलेल्या रोलची जीभ डबीत गुंडाळलेली असते एवढं मलाही कळतं. फक्त त्या जिभेचा कोपरा फाटलाय, कोणीतरी चावल्यासारखा. तसा चालतो का? मला हा कॅमेरा शिकायचा आहे. असले रोल इथे आता कुठेच मिळत नाहीत, म्हणून ह्याच्यावरच शिकावं लागेल. बाकी कितीही शिव्या घाल, पण कोपऱ्याचं तेवढं कळव. पंधरा दिवस थांबतो.

लोभ ठेवायचा की नाही ते तू ठरव, मी विनंती करणार नाही.

बारक्या

१५ मार्च

चि. बारक्यास,

आशीर्वाद संपले आहेत.

तुझं पाकीट आलं. हातात धरून बघितलं, पातळ लागलं, म्हणजे आत कॅमेरा नाही. मग वाचायचं काय? फोडलेलं नाही. प्रिंटरखालच्या खणात टाकून दिलंय. तुझी कारणं मला पाठ आहेत, तू सहावीत होतास तेव्हापासून त्यांत काही फरक पडलेला नाही. बॅग आली की पत्र वाचेन. तोवर हवी तेवढी पाठव, खण मोठा आहे.

लोभाचा विषय मुद्दाम टाळते आहे.

ताई

११ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

पाकिटावरचं अक्षर बघून तुला वाटलं असेल की भावजयीचं पत्र आलं. पत्ता तिच्याकडून मुद्दाम लिहून घेतला. आता फोडलंच आहेस तर वाच.

पंधरा दिवस वाट बघितली, उत्तर आलं ते तसलं. मग मी रोल घातला. जीभ खाचेत बसेना, शेवटी दातांच्या तारा वाकवायच्या चिमट्याने बसवली. पहिला आठवडा सगळं धूसर आलं असणार. बघायच्या खिडकीत प्रत्येक वस्तू दोनदा दिसते, आणि कडी फिरवून ती दोन चित्रं एकावर एक आणायची असतात, हे मला कुणी सांगितलेलंच नव्हतं. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. उजेड मोजायचा काटा मेलेला आहे, त्यामुळे सगळं अंदाजपंचे. सकाळी वर्कशॉपच्या बाकावर कवळ्या आणि प्लास्टरचे साचे मांडतो, एकदोन फोटो काढतो, आणि छिद्र केवढं ठेवलं, वेग किती दिला, ते वहीत लिहितो. लांबच्या भिंगाच्या छिद्राची कडी जागेवर थांबत नाही, बोट लागलं की सरकते. मी तिला हिरड्यांच्या मेणाचा ठिपका लावलाय. हे वाचून तुझा जळफळाट होईल, म्हणूनच लिहिलं.

विसावा फोटो भिंगाचं झाकण न काढताच काढला. ह्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं, त्यामुळे आपल्याला सगळं लख्ख दिसतं आणि आत काळोख. तुझी भावजय हसून हसून खाली बसली. एकोणतीस झालेत, सात राहिलेत.

अप्पा मला कॅमेऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. घरी कोणी आलं की सांगायचे, हात शहाणे आहेत ते ताईचे. बावीस वर्षं तू त्यांच्या शेजारी उभी राहिलीस आणि मग कंटाळा आला तशी रस्ता ओलांडून गेलीस. मला थोडे दिवस तिथे उभं राहायचं आहे, तेही ते गेल्यावर. तेवढंही तुला बघवत नाही.

लोभ अंधारात आहे. धुतल्यावर काय निघतं ते बघू.

बारक्या

१५ एप्रिल, कुरियरने

बारक्या,

मायना लिहायला वेळ नाही. हात आहे तिथे थांबव. कॅमेरा उघडू नकोस, पुढचा फोटो काढू नकोस. सकाळपासून सात वेळा फोन केला. माझा नंबर तू बंद करून ठेवलेला दिसतो, आणि तुझी बायकोही उचलत नाही.

तू घातलास तो रोल नवा नाही. जीभ डबीत गेली की धुताना डबीचा पत्रा उचकटावा लागतो. असाच एक पत्रा उचकटताना अंधारात माझं बोट कापलं होतं, तीन टाके पडले होते, तुला आठवत असेल. त्या दिवसापासून अप्पांनी भरलेला रोल गुंडाळताना जीभ बाहेरच ठेवायला सुरुवात केली. मग नवा कुठला आणि भरलेला कुठला हे ओळखायचं कसं, म्हणून भरलेल्याच्या जिभेचा कोपरा ते दाताने फाडायचे. ही खूण आम्हा दोघांनाच माहीत होती. तू अप्पांच्या फोटोंवर फोटो काढतो आहेस.

तुझं मार्चमधलं पाकीट आज खणातून काढून फोडलं. कोपऱ्याचं तू विचारलं होतंस. चावल्यासारखा, असंसुद्धा लिहिलं होतंस. मी ते महिनाभर प्रिंटरखाली दाबून ठेवलं. ह्यावर तुला जे बोलायचं ते बोल, मी खाली मान घालून ऐकेन, पण नंतर. आधी रोल पाठव.

ताई

१७ एप्रिल

ती. ताईस,

न. वि. वि. साष्टांग आज घालवत नाही.

तुझं कुरियर आलं त्याच्या आदल्या दिवशी रोल संपला. छत्तीसच्या छत्तीस झाले.

मी विचारलं होतं, ताई. पंधरा दिवस थांबतो असंही लिहिलं होतं. एका ओळीचं काम होतं, आणि तू पाकीट हातात घेऊन वजन करत बसलीस. तुझा राग नेहमी असाच, माझ्या नावाने निघतो आणि अप्पांवर जाऊन पडतो.

आता माझं ऐक, कारण हे मी आणखी ठेवलं तर मला जेवण जाणार नाही. अप्पा फोनवर तेवढंच म्हणाले नव्हते. बॅग तू ने म्हणाले, आणि पुढे म्हणाले की एकदा ताईला दाखव, तिला बघितल्यावर कळेल. ते मी गिळून टाकलं. बोलताना त्यांना धाप लागत होती, आणि तेवढ्यातही तुझंच नाव. मला इतका राग आला की बॅग घेऊन मी सरळ गाडीत बसलो. तू फुटपाथवर उभी होतीस ते मी बघितलं होतं. तू हात केलास तेही बघितलं होतं.

रोल सोबत पाठवतो आहे, कॅमेरा नाही. तो तूच धू. काही दिसलं तर कळव, नाही कळवलंस तर काय समजायचं ते मी समजेन.

लोभ मागायचं तोंड मला राहिलेलं नाही.

बारक्या

२६ एप्रिल

चि. बारक्यास,

आशीर्वाद. किती, ते विचारू नकोस.

रोल धुतला. तीन वर्षांनी त्या अंधारखोलीत गेले. बाटल्यांमधली औषधं गोठून दगड झाली होती, नवी कालवली. माझा अॅप्रन खिळ्यावर जिथे सोडला होता तिथेच होता, धुऊन परत टांगलेला. अप्पांना धुणं कधी जमलं नाही, कॉलर उलटी होती.

अप्पा माझं दुकान टिपत होते. लांबच्या भिंगाने, खिडकीतून, सकाळी उघडायच्या वेळेला. मी शटर वर ढकलते आहे, पायरी झाडते आहे, पाटी पुसते आहे. छत्तीस सकाळी, आणि प्रत्येक सकाळीवर तुझ्या कवळ्या. कॅमेरा तोच असल्यामुळे चौकटीवर चौकट जवळजवळ नेमकी बसली आहे. पाचव्यात माझ्या डोक्यावर वरचा जबडा आहे, बाराव्यात माझा झाडू हिरड्यांतून बाहेर आला आहे. दुसऱ्या कोणाचे असते तर मी पोट धरून हसले असते. तुझा फोकस मात्र तेराव्यापासून बरा आहे, हे कबूल करायला मला जड जातंय.

विसावा तेवढा स्वच्छ आहे. झाकण काढायला विसरलास तो. उजव्या काठाला शेजारच्या चौकटीतला तुझा एक दात घुसलाय, बाकी सगळं अप्पांचं. त्यात मी शटरची कडी धरून वर बघते आहे, सरळ खिडकीकडे. ती सकाळ मला चांगली आठवते. मला वाटलं होतं की माझ्याकडे किती गिऱ्हाइकं येतात ते म्हातारा मोजत बसतो. म्हणून मी कपाळाला आठी घालून त्यांच्याकडे बघितलं आणि पाठ फिरवली. पाठ फिरवायच्या आधी त्यांनी खटका दाबला होता. सरकणारी कडी, थरथरणारा हात, आणि फोकस अगदी माझ्या डोळ्यांवर आहे. मी इतकी वाईट बघते हे मला माहीत नव्हतं. ते बघूनही त्यांनी पुढे सोळा वेळा मला टिपलं.

तू बॅग दाखवली असतीस तर छत्तीस मिळाले असते. मी पाकीट फोडलं असतं तरी मिळाले असते. दुकानात कोणी नसलं की मी हेच उगाळत बसते. आधी तुझा राग येतो, मग माझा, मग परत तुझा. माफ केलंय असं समजू नकोस. तूही मला करू नकोस, एवढ्यात तर नकोच.

कॅमेरा तुझ्याकडे राहू दे. मेणाचा ठिपका आधी काढ, त्या कडीला तीन बारीक स्क्रू आहेत, ते आवळ, तेवढा बारीक स्क्रूड्रायव्हर तुझ्याकडे असणार. रोल कुठून मिळाला आणि भरला तर जीभ बाहेर ठेव, कोपरा दाताने फाड आणि इकडे पाठव. तुझ्या तिथल्या कोणाकडे धुवायला देऊ नकोस.

भिंगाचं झाकण मात्र मला पाठव. लगेच पाठव, आणि पुसू नकोस.

लोभाचं, झाकण आल्यावर बघू.

ताई