लिंबाच्या गळ्यापर्यंत ब्लॉक

आई, माझ्यावर घोर अन्याय झालाय. इथं शिरूरला माझी स्कूटर दारात उभी असते आणि दुपारी तिची सीट इतकी तापते, की मी बसतो आणि राष्ट्रगीत लागल्यासारखा उठतो. कारण एवढंच, की दारातला कडुलिंब विरळ झालाय. कुणा ठेकेदारानं आमचा रस्ता 'हरित' केला. म्हणजे खोडाला भिडवून सिमेंटचे ब्लॉक बसवले, वर गेरू-चुना फासला आणि शेजारी हिरवा बोर्ड ठोकला. आता पाऊस आला की पाणी झाडाला वळसा घालून चौकात गुडघाभर तुंबतं. लिंब कोरडाच.

दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधलं तुझं स्वयंपाकघर आठवतं. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं सगळं पाणी मोरीतून चारीनं मागच्या लिंबाच्या आळ्यात जायचं. मी एकदा अंघोळीचं उरलेलं पाणी बाहेर रस्त्यावर भिरकावतो आणि तू पोळपाटावरून मान न उचलता म्हणतेस, "रस्त्याला तहान लागली व्हय रं?" मे महिन्यात दुपारी क्वार्टरची अख्खी लाइन त्या लिंबाखाली पसरलेली असायची.

मी त्या हरित रस्त्यावर पेपरात खरमरीत विनोदी लेख लिहिला. लोक हसले. ठेकेदारानं तर तो स्वतःच सगळ्यांना फॉरवर्ड केला. माझ्या दारातल्या लिंबाखाली केंदूरच्या एक मावशी भाजी विकतात. कोथिंबिरीवर शिंपडून उरलेलं पाणी त्या रोज ब्लॉकच्या फटीत ओततात. म्हणाल्या, "लोकं हासली, बरं झालं. बलाक निघालं का?"

"अर्ज केलाय, मावशी."

"मंग झाड वाळल्यावर मी कुठं बसू, अर्जाखाली?"

काल भर दुपारी पहार घेऊन रस्त्यावर उतरलो. एक जण गाडी थांबवून विचारतो, "परमिशन हाय का?" माझ्या आधी मावशीच बोलल्या, "झाडाची हाय. तू हो पुढं." ब्लॉकखाली माती नव्हतीच, नुसता राडारोडा. तो उपसला, माती भरली, आळं केलं. वाकडं झालं, तू पाहिलं असतंस तर मोडून परत करायला लावलं असतंस. झाड जगेल का, ते कळत नाही. सकाळपासून सारखा खिडकीशी जातोय. पान गळलं की मोजतो.

हे पेपरात टाकून मिरवायचं नाही, ठाऊक आहे. तरी तुला म्हणून सांगतो, यावर मला अजून विनोद सुचलेला नाही. आणि माझ्या दारातल्या झाडाला इतके दिवस मावशींनीच पाजलं. आज त्यांची बादली नळावर नेली, काठोकाठ भरली आणि त्यांच्या पाटीशेजारी ठेवून आलो.