कोरियाच्या प्रकरणातली अकरा पानं

अल ऐन,
शुक्रवार, १३ नोव्हेंबर १९९८

प्रिय मुग्धास,

अनेक आशीर्वाद. आम्ही इथे बरे आहोत. आखातातला उकाडा उतरला. ह्यांचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो आणि सुयशची सहामाही जवळ आली आहे.

परवा फोनवर तू रडलीस. गाईडनी कोरियाच्या लोकप्रशासनाचं प्रकरण परत केलं, "हा अमेरिकन पुस्तकांचा सारांश झाला, यात कोरिया कुठे आहे?" असं विचारलं. "ताई, या वयात माझ्याच्यानं पीएच.डी. होत नाही, सोडून देते," म्हणालीस. मी म्हटलं, "अगं, तुझे गाईडच खडूस!"

खडूस ते नाहीत गं.

जूनमध्ये तू ते प्रकरण माझ्याकडे इंग्रजी तपासायला पाठवलंस. मी ते टाइप केलं आणि शेजारचा दत्तप्रसाद पुण्याला निघाला होता, त्याच्याबरोबर फ्लॉपी थेट गाईडकडे धाडली. ताईने पाहिलंय म्हणून तू ती मागवून पाहिलीही नाहीस. मुग्धा, मी त्यातली अकरा पानं काढून टाकली होती.

पुण्यात तुला भेटलेल्या त्या म्हाताऱ्या कोरियन प्राध्यापकांची पानं. युद्धानंतर ते अमेरिकेत शिकले, परत येऊन तिकडची पुस्तकं भाषांतर करून शिकवू लागले. दहा वर्षं अमेरिकन नगरपालिकांचा कारभार! मग एका विद्यार्थ्याने विचारलं, "सर, आमच्या गावच्या कचेरीत असं का चालत नाही?" उत्तर शोधायला ते त्या कचेरीत जाऊन बसले, दिसलं ते लिहू लागले. मागोमाग इतरही गेले, आणि तिथून तो विषय त्यांचा झाला. त्याला तू आपल्या तलाठ्याच्या चावडीची जोड दिली होतीस.

काल ती पानं मी घरात वाचून दाखवली. सुयश म्हणाला, "आई, यू कट द ओन्ली इंटरेस्टिंग पार्ट!" ह्यांनी कप खाली ठेवला. "विभा, तिला सांगितलंस?"

"सांगेन, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नको. उद्या सुट्टी आहे, उद्याच लिही."

गप्पाटप्पा आहेत, लोक तुला हसतील, म्हणून कापलं, असं मी मनाशी घोकत होते. पण वाचतानाच कळलं होतं, पानं फार सुरेख आहेत. बाबांनी कॉन्व्हेंटमध्ये मला एकटीला घातलं, तुला नगरपालिकेच्या शाळेत. तुझं इंग्रजी सुधारत मी आयुष्यभर मोठी राहिले. आता तू डॉक्टर होणार आणि मी बी.ए.च राहणार, हे मला सोसलं नाही.

सोबत तुझी मूळ पानं पाठवते आहे. जशीच्या तशी घाल, माझ्या पेन्सिलीच्या खुणा खोडून टाक. दुसऱ्या पाकिटात गाईडना पत्र आहे, मी काय केलं ते सगळं लिहिलं आहे. ते चिकटवलेलं नाही. आधी तू वाच, आणि त्यांना नक्की दे. माझी लाज राखायला म्हणून ठेवून घेऊ नकोस.

माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, पण प्रकरण सोडू नकोस.

तुझी अपराधी,
विभावरी
(ताई म्हणायचं की नाही, ते तू ठरव.)